गाठी सोडणारी धून

माझा असल्या गोष्टींवर आजही विश्वास नाही, हे आधी ऐकून घ्या. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर आमच्या घरातून देव गेले, तशी भुतंही गेली. आई म्हणायची, "भ्याचं असन तं माणसाले भ्या."

१९८६चा उन्हाळा. कोरपन्याजवळचं माझं माहेरगाव... सकाळ असूनही ऊन रखरखीत. मी स्वरमंडळ वाजवते - मांडीवर घेऊन छेडायचं तारांचं वाद्य. गवई ते साथीला घेतात, मी एकटंच वाजवते. ज्या बायांचं नाव कुठेच येत नाही, त्यांच्यावर धून बांधायचं मला खूळ आहे.

त्या दिवशी गावात नवीन दवाखान्याचं उद्घाटन होतं, फीत कापायला जिल्ह्याचे मोठे साहेब आले होते. गावाची बाळंतपणं करता करता म्हातारी झालेली सरजाबाई सुईण नुकतीच वारली होती. मीही तिच्याच हातची. पण एकाही भाषणात तिचं नाव नाही! बाई अडली की सरजाबाई आधी घरातल्या गाठी सोडायला लावायची. अंबाडे, पोत्यांची तोंडं, गाठोडी, सगळं मोकळं. म्हणजे बाळाची वाट मोकळी होते म्हणे. मला हसू यायचं.

तिच्यावर बांधलेली धून वाजवते म्हटलं, तर सरपंच म्हणाले, "साहेबासमोर सुइणीचं काऊन व पोरी? स्वागतगीत वाजव एखादं."

"भाऊ, वाजवीन तं सरजाबाईचंच. नाई तं वाजवतच नाई."

आणि वाजवलं. धून निम्म्यावर आली अन् समोर बसलेल्या अनसूयाकाकूंचा अंबाडा सुटला. मग शेजारणीचा... मग मागच्या बायांचे, एकेक करून. वारा म्हणाल, तर झाडाचं पान हलत नव्हतं. मांडवाची झालर गाठी सुटून खाली लोंबली. माझ्या वाद्याच्या खोळीची नाडी माझ्या देखत सुटली. खरं सांगते, मी भ्याले होते. पण हात थांबू दिले नाहीत. म्हटलं, आता काही होवो, सरजाबाईची धून अर्धी ठेवणार नाही.

शेवटची तार छेडली, तेव्हा दवाखान्याच्या दारावरची लाल फीत - सरपंचांनी स्वतः दुहेरी गाठी मारून बांधलेली - दोन्हीकडून सुटून उंबऱ्यावर पडली. साहेब कात्री घेऊन उभेच.

अनसूयाकाकू केस तसेच मोकळे ठेवून उठल्या. "सरजानं वाट मोकळी केली. चला व बायांनो." आणि बाया साहेबांच्या आधी आत गेल्या.

मी सहजासहजी हार मानणारी नाही. घरी तशीच फीत बांधून, तीच धून कितीदा वाजवून पाहिली. गाठ हलली नाही. मग त्या दिवशी काय झालं?

दवाखान्याच्या भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर साहेबांचं नाव आहे. पण उद्घाटन कोणी केलं, असं गावातल्या बायांना विचारा. त्या सांगतात, "सरजाबाईनं."