अस्वल नाचायचं थांबलं

आमच्या शेजारच्या भाऊजींना अख्खी गल्ली अस्वलकाका म्हणते. प्राणिसंग्रहालयात ते अस्वल सांभाळतात म्हणून. अंगावरच्या केसांचा त्याच्याशी संबंध नाही, असं त्यांची बायको सांगते. आपण विश्वास ठेवायचा.

या माणसाला अभिमान एकाच गोष्टीचा. "मी बादली घेऊन दिसलो रे दिसलो, की आमची बाई नाचायला लागते!" जिन्यात जो सापडेल त्याला हे ऐकावं लागायचं. नाच म्हणजे काय, तर अस्वलीण गजांशी उभी राहून डोकं डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. बाहेरून भाऊजीही तस्सेच डोलायचे. बघणारे खूश. टाळ्या नेमक्या कुणाला पडायच्या, देव जाणे.

मग प्राण्यांचं कसं काय चाललंय ते तपासायला एक डॉक्टरीणबाई आल्या. खुर्ची टाकून बसल्या आणि अस्वलीण कधी झोपते, कधी खाते, कधी डोलते, ते बघत राहिल्या. भाऊजींना वाटलं, पाहुण्या आल्यात, मान राखायला हवा. रिकामी बादली घेऊन उगाच चार फेऱ्या मारल्या आणि तिला मनसोक्त नाचवून दाखवलं.

बाई म्हणाल्या, "काका, हा आनंद नाही. तिला दिवसभर करायला काही नाही. जेवण तुमच्याबरोबर येतं, म्हणून वाट बघून बघून ती अशी झुलते. खाणं ओंडक्यांत, दगडांखाली, गवतात लपवा. ती शोधू दे. आणि लपवताना तिच्या नजरेला पडू नका. तरीही झुलणं थांबलं नाही, तर तिला मोठ्या जागेत, दुसऱ्या गावी हलवावं लागेल."

संध्याकाळी भाऊजी आमच्या दारात. तोंड एवढंसं.

"वहिनी, मी तिच्या नजरेला पडायचं नाही म्हणे! मी काय चोर आहे?"

"दाढी केलीत तर नाही वाटणार," मी म्हटलं.

मागून त्यांची बायको करवादली, "तिला तरी सुटका मिळाली!"

भाऊजी हसले नाहीत. नाच चालू राहिला तर अस्वलीण जाणार, थांबला तर ती यांच्याकडे ढुंकून बघणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पण लपवलं हो त्यांनी. अस्वलीण पिंजऱ्यामागच्या खोलीत बंद असताना, इमानेइतबारे. हळूहळू झुलणं कमी झालं, मग थांबलंच. बाई परत येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "छान! आता हलवायची गरज नाही."

भाऊजींनी पेढे वाटायला हवे होते. हे आपले जिन्यात उभे, किल्ली हातात, कुलूप समोर, आणि विचारतायत, "वहिनी, मला आनंद झालाय की काय झालंय?"

"चला, दाखवा तुमच्या बायकोची सवत," म्हणत मीच गेले त्यांच्याबरोबर.

कुंपणाच्या भिंतीआडून आम्ही डोकावलो. अस्वलीण ओंडक्यात अख्खा पंजा घालून काहीतरी उकरत होती. आमच्याकडे पाठ.

"खूश दिसतेय ना?" भाऊजी कुजबुजले.

"दिसतेय तर."

"मग हाक मारू एकदा?" तोंड उघडलं, आणि मिटलं.

तेवढ्यात तिनं नाक वर केलं, हवा हुंगली आणि मान वळवली. भाऊजी झटकन खाली बसले आणि मलाही हाताला धरून खाली ओढलं.

"पाहिलं का हो तिनं मला?"

हो म्हटलं तर बरं वाटणार होतं की नाही म्हटलं तर, त्यांच्या तोंडाकडे बघून काही केल्या कळेना.