जबाबात न लिहिलेला काटा

आजही रस्त्याकडेला एखाद्या गाडीचा सेल्फ नुसताच गुरगुरताना ऐकू आला की माझे पाय थांबतात. बायको म्हणते, "चला आता, तुमची ड्युटी संपली." संपली खरी. पण नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका जीपने मला असं काही चक्रावून सोडलं होतं, की त्यापुढे चोर-दरोडेखोर परवडले.

मी तेव्हा अकोले तालुक्यात, डोंगराकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एक दिवस दुपार कलताना ग्रामीण रुग्णालयातून खबर आली. वरच्या गावातला सत्तरीचा एक म्हातारा, ज्याला गाव नाना म्हणायचं, छातीत कळ येऊन दवाखान्यात पोहोचण्याआधीच वारला होता. अकस्मात मृत्यूची नोंद करायची, पंचनामा करायचा, एवढंच काम दिसत होतं. मी जमादारांना पाठवणार, तोच म्हाताऱ्याचा मुलगा चार माणसं घेऊन ठाण्यात आला. डोळे लाल, आवाज बसलेला.

"साहेब, माझा बाप मेला न्हाई, मारलाय," तो म्हणाला. "जीपवाल्यानं मारलाय."

हकीकत अशी. गावात भाड्याने चालणारी जीप एकच. तो बाजाराचा दिवस होता. जीपवाला राजूरच्या बाजारातून माणसं आणि पोती भरून भर उन्हात घाट चढून आला, गावात माणसं उतरवली आणि पोती उतरवायला लागला. दहाएक मिनिटांनी म्हाताऱ्याला खांद्यावर घालून लोक धावत आले. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेली होती. म्हाताऱ्याला मागच्या सीटवर आडवं केलं. जीपवाल्याने चावी फिरवली. सेल्फ फिरला, इंजिन काही उचलेना. पुन्हा मारला, पुन्हा तेच. दहा-पंधरा मिनिटं हा खेळ चालला. शेवटी म्हाताऱ्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेलं. तो वाटेतच गेला.

आता खरी गोम पुढे आहे. मोटारसायकल गेल्यावर पाऊण तासाने त्याच जीपवाल्याने चावी फिरवली आणि जीप एका सेल्फमध्ये चालू झाली. अख्ख्या गावाने पाहिलं. तो तशीच जीप दामटत दवाखान्यात गेला, तेव्हा म्हाताऱ्यावर चादर ओढलेली होती.

"बापाला न्यायला गाडी चालू व्हत न्हाई, आन नंतर झाली?" मुलगा म्हणाला. "तुमीच सांगा, साहेब."

त्यात ह्या दोन घरांचं वाकडं होतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जीपवाला त्या मुलाच्या विरोधात उभा राहून पडला होता. तेव्हापासून त्यांच्या घरचं कुणी त्याच्या जीपमध्ये बसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका खबऱ्याचा फोन आला, की जीपवाला मागे चहाच्या टपरीवर म्हणाला होता, "त्यांच्यातल्या कुणाला मी माझ्या गाडीत पाय ठेवू देनार न्हाई." माझ्या डोक्यात केस तिथेच मिटली. सदोष मनुष्यवधाचं कलम लागेल का, एवढाच विचार उरला.

जीप ठाण्याच्या आवारात आणून लावली. सकाळी आठ वाजता पंचांसमक्ष मी स्वतः चावी फिरवली. अर्ध्या सेल्फमध्ये चालू! बंद करून पुन्हा फिरवली, पुन्हा चालू. मोटार वाहन निरीक्षक आले, तेही सकाळीच. डिझेल, बॅटरी, फिल्टर सगळं बघून त्यांनी लिहिलं, वाहन सुस्थितीत. मी जीपवाल्याला चौकशीला आत बोलावलं.

चाळिशीचा माणूस, काटक, हाताला डिझेलचा वास. मी विचारलं, "टपरीवर तसं बोलला होतास का?"

"व्हय. बोललो हुतो. रागात बोललो."

माणूस असा खरं बोलतो तेव्हा पोलिसाची पंचाईत होते. मी आवाज चढवला. "मग गाडी का चालू केली नाहीस?"

"साहेब, सेल्फ मारत हुतो, उचलतच नव्हती. काटा सुदिक हलत नव्हता. काटा झोपून हुता."

"कसला काटा?"

"समोरचा. इंजिन किती फिरतंय ते दावतो तो."

जबाब टिपून घेणाऱ्या रायटरने लिहिता लिहिता मान वर केली. "साहेब, काट्याचं घेऊ का जबाबात?"

"फालतू काही घेऊ नको," मी म्हणालो. हे माझे शब्द. आजही कानात तसेच आहेत.

सहा दिवस त्याला रोज सकाळी दहाला बोलवत होतो आणि संध्याकाळी सोडत होतो. रोज तेच प्रश्न, रोज तीच उत्तरं. मी जीपभोवती चकरा मारायचो. मध्येच जाऊन चावी फिरवायचो, की बाई आता तरी बंद पड. ती मेली दर वेळी चालू व्हायची. खोटं बोलणारा माणूस सहा दिवसांत कुठेतरी शब्द फिरवतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. हा फिरवत नव्हता. आणि गाडी तर समोर ठणठणीत उभी! खरं कोण, माणूस की गाडी? माझी झोप उडाली. वरून मुलगा रोज विचारायचा, "अटक कवा?" गावाने जीपवाल्याशी बोलणं टाकलं होतं. त्याची बायको पाण्याला गेली की बाकीच्या बाया हंडा घेऊन बाजूला सरकायच्या, हे मला जमादारांनी सांगितलं.

सातव्या दिवशी ठाण्याची गाडी सर्व्हिसिंगला संगमनेरला न्यायची होती. मी सोबत गेलो. तिथला मेकॅनिक जुना ओळखीचा, तोंडाने भलताच फटकळ. चहा पिता पिता मी त्याला सगळं सांगितलं. तो हसायलाच लागला.

"साहेब, पेशंट ठणठणीत बरा झाल्यावर तुम्ही त्याला थर्मामीटर लावताय. ती गाडी बंद पडली भरदुपारी, घाट चढून तापलेली. तुम्ही तपासता सकाळी, गार पडलेली. कसा सापडणार आजार?"

मग त्याने विचारलं, "सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलत होता का, एवढं विचारलंत त्याला?"

माझ्या हातातला कप तसाच राहिला. विचारायची गरजच नव्हती. जीपवाल्याने आपणहून सांगितलं होतं.

मेकॅनिकने समजावलं ते असं. नव्या डिझेल गाड्यांत इंजिनापाशी अंगठ्याएवढा एक सेन्सर असतो. इंजिन फिरतंय, हे तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. त्याने सांगितलं तरच आत डिझेल सुटतं. हा सेन्सर खराब व्हायला लागला की तापल्यावर मुका होतो आणि गार झाला की पुन्हा बोलतो. सेल्फ फिरत राहतो, पण डिझेल येत नाही, काटाही हलत नाही. "तोच असेल असं छातीठोक सांगत नाही," तो म्हणाला. "गाडी तापवून बघू."

पुढच्या बाजाराच्या दिवशी, त्याच वेळी, जीपमध्ये पोती भरली. मी, मेकॅनिक, दोन पंच, दोन शिपाई. मुलालाही बोलावलं होतं. त्या जीपमध्ये पाय ठेवताना तो क्षणभर थांबला. "मला बघायचंय," एवढंच म्हणाला आणि बसला. जीपवाला नेहमीपेक्षा हळू, जपून चालवत होता.

घाट चढलो, गावात थांबलो, चावी काढली. दहा मिनिटं मोजली. सगळं गाव भोवती जमलेलं. जीपवाल्याने चावी फिरवली आणि जीप चालू झाली!

गर्दीतून कुणीतरी हसलं. जीपवाल्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. एखादी गाडी चालू होऊ नये म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच मनातल्या मनात देवाला हात जोडले होते.

मेकॅनिक मात्र जीपवाल्यावरच खेकसला. "अरे, वरात काढलीस का घाटात? बाजारच्या दिवशी असाच चालवतोस? चल खाली, आणि नेहमीसारखा चढव."

पुन्हा खाली, पुन्हा वर. या खेपेला जीप कण्हत चढली, बॉनेटवर हात ठेववत नव्हता. चावी काढली. दहा मिनिटं. चावी फिरवली.

गुर्र, गुर्र, गुर्र. बस्स, तेवढंच.

मी वाकून पाहिलं. काटा शून्यावर झोपलेला. पाच वेळा सेल्फ मारला, पाचही वेळा काटा तसाच. मेकॅनिकने पंचांना काटा दाखवला, मग बॉनेट उघडून खाली हात घातला आणि पाण्याची बाटली मागितली. त्या सेन्सरवर गार पाणी ओतत राहिला. "मार आता."

काटा उठला आणि जीप चालू झाली. इतक्या दिवसांचा माझा गोंधळ एका बाटलीभर पाण्यात सुटला होता, आणि मला जराही आनंद झाला नाही. मला स्वतःची लाज वाटत होती.

मुलगा त्या रिकाम्या बाटलीकडे बघत होता. मग जीपवाल्याला म्हणाला, "पानी तर त्या दिवशीबी गाडीत हुतं की रं."

"हुतं," जीपवाला म्हणाला. त्याचा चेहरा पार पडला होता. "नानाला पाजलं त्यातलं. मला म्हाईत असतं तर... तुझ्या बापाला मी मरू दिला असता व्हय?"

मुलगा खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. इतके दिवस तो माझ्यासमोर नुसता चिडत होता, रडताना मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. जीपवाला त्याच्या शेजारी जाऊन बसला. त्याने हात पुढे केला नाही, नुसता बसून राहिला. मुलगा उठून गेला नाही.

संध्याकाळी ठाण्यात मी जीपवाल्याला सांगितलं, तुझ्याविरुद्ध काही नाही, जीप घेऊन जा. वाटलं, तो हात जोडेल, नाहीतर शिव्या तरी घालेल. दोन्हीला मी तयार होतो. तो टेबलासमोर उभाच राहिला.

"साहेब, एक काम हुतं."

"बोल की."

"माझ्या जबाबात ते काट्याचं लिवायचं राहिलंय. मी पहिल्याच दिवशी सांगितलं हुतं. आज गाडीनं सांगितल्यावर तुमाला पटलं, पर आधी मी सांगितलं हुतं. तेवढं लिवा."

रायटरने पेन उचललं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. समोर बसलेला माणूस फालतू काय बोलतो आणि कामाचं काय बोलतो, हे ऐकतानाच आपल्याला कळतं, अशा घमेंडीत मी तीस वर्षं नोकरी केली होती. मी रायटरच्या हातातून कागद घेतला आणि पुरवणी जबाब स्वतःच्या अक्षरात लिहिला: काटा हलत नव्हता, असे मी पहिल्याच दिवशी साहेबांना सांगितले होते, ते त्यांनी लिहून घेतले नाही.

वाचून दाखवला. तो म्हणाला, "बरोबर हाय," आणि त्याने सही केली.