शेजारच्या विहिरीचं पहिलं पाणी

रविवारी सकाळी पुंडलिकनगरात आमच्या शेजारी नारळ फुटला आणि इकडे माझ्या पोटात दुखायला लागलं. शेजारच्या कांतावहिनींच्या विहिरीवर मोटर बसत होती.

आता यात पोटात दुखण्यासारखं काय, असं वाटेल तुम्हाला. तर ऐका... तो विहिरीचा प्लॉट आधी आम्हाला दाखवला होता. आमच्या ह्यांनी होकायंत्र काढलं, विहीर आग्नेयेला येते म्हणाले, आणि आम्ही शहाण्यासारखा बाजूचा कोरडा प्लॉट घेतला. वहिनी गावाकडच्या, देवगाव रंगारीच्या. त्यांनी दिशा बघितली नाही, पाणी बघितलं.

इतकी वर्षं ती विहीर गाळानं बुजल्यासारखीच होती, त्यामुळे मीही सुखात होते. या उन्हाळ्यात त्यांनी गाळ काढला आणि चांगलं पाणी लागलं... तेव्हापासून आमच्याकडे नळाची वाट बघणं, टँकरवाल्याला फोन लावणं, आणि भिंतीपलीकडून वहिनींचं "लई पाणी हाय हो ताई!" माझा नुसता जळफळाट.

तर रविवारी अख्खी गल्ली जमली. विहिरीची ओटी भरली, हळदीकुंकू वाहिलं, वहिनींच्या सासूबाईंच्या हातून बटन दाबलं. मोटर घुर्रर्र करून फिरली... आणि पाइपातून नुसती हवा. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

फिटर म्हणाला, मोटरीत आधी वरून पाणी भरावं लागतं, त्याशिवाय ती खालचं पाणी ओढत नाही. आणा एक बादली. आणि इथेच सगळे एकमेकांकडे बघायला लागले...

नवीन पाइप जोडायचे म्हणून वहिनींच्या घरची टाकी रिकामी केलेली. आणि नातवंडं पडू नयेत म्हणून आदल्याच दिवशी विहिरीवर लोखंडी जाळी वेल्डिंग करून घेतलेली... इतकी बारीक, की तांब्यासुद्धा खाली जाईना. खाली विहीर भरलेली आणि वर हात कोरडे! वहिनींच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या भावजींनी, बाटलीला सुतळी बांधून सोडून बघितली, तर तीही पाइपाला गुंडाळून बसली. मी तोंड फिरवून हसून घेतलं आणि घरी आले.

पाठोपाठ वहिनी. नवीकोरी साडी नेसलेल्या, हातात रिकामी बादली. "ताई, वाईच पाणी द्या हो. माणसं खोळंबलीत, अन् सासूबाई अपशकुन झाला म्हणून रडायल्या."

नळ यायला अजून दोन दिवस होते आणि घरात एकच ड्रम शिल्लक, तोही अर्ध्याखाली. नाही म्हणायला सबब चांगली होती, शिवाय खरी होती. नाही म्हटलं असतं तर तो सगळा थाट तिथल्या तिथे बसला असता... पण भरल्या विहिरीची मालकीण माझ्या दारात बादली धरून उभी होती, आणि तिचेही डोळे भरून आले होते. मला ते बघवेना.

बादली दिली. मोटरीनं ती गिळली. दुसरी दिली, तीही गेली... खाली व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून पाणी विहिरीत गळत असेल, फिटर म्हणे. तिसरी भरताना माझा जीव तुटत होता. ड्रमचा तळ दिसायला लागला आणि पाइपानं एकदम उचकी दिली... पाणी!

सासूबाईंनी पहिलीच धार ओंजळीत घेतली, डोळ्यांना लावली. "गंगामाय आली गं बाई!" मग प्रत्येकाच्या हातावर तीर्थ. माझ्याही. मी घोट घेतला... आणि ओळखलं. आमच्या नळाला येतो तोच औषधाचा वास! मोटरीत ओतलेलं आमच्या ड्रमचंच पाणी आधी बाहेर पडलं होतं. गंगा माझी, आणि कौतुक विहिरीचं!

अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. तेवढ्यात सासूबाईंनीच विचारलं, "कसं हाय बाई पाणी?" रडून लाल झालेले डोळे, आणि सगळी गल्ली माझ्या तोंडाकडे बघतेय.

"गोड आहे," मी म्हटलं. म्हातारी काय हसली हो...

परत घरी येते, तर भिंतीवरून पाइप टाकून भावजी आमचा ड्रम भरत होते. त्यांची स्वतःची टाकी अजून रिकामीच होती. आधी ताईंचा ड्रम, असं वहिनींनी बजावलं होतं म्हणे.

वहिनी, तुम्ही हे वाचणार, म्हणून इथेच सांगते, मनापासून आभार. फक्त सासूबाईंना तेवढं तीर्थाचं वाचून दाखवू नका.

संध्याकाळी त्या ड्रमच्या पाण्याचा चहा केला. पाणी खरंच गोड निघालं हो... जरा तरी मचूळ निघायला काय हरकत होती!