ओझेवाल्याचं बोलणं

नव्वदच्या दशकात वरून फर्मान आलं की शिक्षण आनंददायी करा. आनंद झाल्याचा अहवाल दर महिन्याला तालुक्याला पोचवायचा होता. मी तेव्हा मुरबाडच्या पुढे, वैशाखऱ्याच्या बाजूच्या एका शाळेत सातवीला इतिहास शिकवत होतो. म्हणजे मी पुस्तक मोठ्याने वाचायचो आणि मुलं पेंगायची. अहवालात मात्र आम्ही सगळे मजेत होतो.

पुढे तपासणीत काहीतरी दाखवायला हवं, म्हणून कल्याणच्या रद्दीवाल्याकडून ऐतिहासिक चित्रकथांचा गठ्ठा आणला. त्यात किल्ले, वेढे, सरदार आणि प्रत्येकाच्या तोंडाजवळ बोलण्याचा फुगा. मुलं त्यावर तुटून पडली. मधल्या सुट्टीतही कोणी बाहेर जाईना.

वर्गात डोंगरावरच्या वाडीतली एक मुलगी होती. तिची घरची बोली वेगळी. पोरं हसतात म्हणून हजेरीपलीकडे तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. एके दिवशी तिने चित्राच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. पुढे घोड्यावर सरदार, मागे डोक्यावर ओझं घेतलेला माणूस.

"गुरुजी, यो वझा नेतो, त्याला फुगा का नाय?"

"त्याचं बोलणं इतिहासात येत नाही," मी सांगितलं. अशी उत्तरं मला न अडखळता यायची.

दुसऱ्या दिवशी तिथे पेन्सिलीचा फुगा होता: 'सरदारा, तू घोड्याव, मी पायी. माझं पाय दुखतान.' मी हसलो, वर्गाला वाचून दाखवलं, आणि मग साथच आली. आचारी बोलू लागले, तोफवाले घरी जायचं म्हणू लागले, एका घोड्यानेही तक्रार केली. ती मुलगी आता तासाला हात वर करायची, वादही घालायची. मला फार आनंद झाला. खराखुरा, अहवालातला नव्हे.

पण आनंद गप्प बसू देत नाही. मी 'नवा उपक्रम' म्हणून तालुक्याला कळवलं आणि साहेब तपासणीला आले. मला आटगावला बदली हवी होती, स्टेशनजवळ. साहेबांचा शेरा त्यासाठी लागणार होता.

साहेबांनी नेमकं तेच पान उघडलं. "सरदाराला एकेरी? याला पुरावा काय?"

मी घसा खाकरला. तोवर ती उभी राहिली होती.

"साहेब, माझा बा वीटभट्टीव वझा उचलतो. त्याचं पाय दुखतान."

वर्गात कोणी हसलं नाही. इतिहासातला याहून चांगला पुरावा मी आजवर ऐकलेला नाही. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "मुलांची भाषा सुधारा जरा. आणि शाळेची पुस्तकं अशी खराब करू नयेत."

मी काय म्हणायला हवं होतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. मी खिशातून खोडरबर काढला आणि तिच्या हातात दिला. "पूस," म्हटलं.

तिने पुसलं. नीट, कागद न फाटू देता. नंतर बाकीचे फुगेही तिनेच पुसले, कारण तिचं काम स्वच्छ होतं.

त्यानंतर ती पुस्तकातली उत्तरं पुस्तकातल्याच भाषेत देऊ लागली. परीक्षेत इतिहासात वर्गात पहिली आली. साहेबांनी शेरेबुकात 'उपक्रम स्तुत्य, मुलांच्या भाषेत लक्षणीय सुधारणा' असं लिहिलं आणि माझी बदली झाली.

निरोपाच्या कार्यक्रमात मुलांपैकी कोणीतरी बोलायची पद्धत होती. मी मुद्दाम तिला सांगितलं, "तू बोल. तुला वाटेल ते बोल, तुझ्या बोलीत बोललीस तरी चालेल."

ती हात मागे बांधून उभी होती. अगदी शुद्ध भाषेत म्हणाली, "गुरुजी, काय बोलायचं ते लिहून द्या. मी पाठ करीन."