आधी परबदादा

परबदादांची एक खोड होती. सिग्नल दुरुस्त झाला की शिडी माझ्या खांद्यावर द्यायची, हात पुसायचे आणि हिरवा लागताच आधी स्वतः रस्ता ओलांडायचा. तोही डावीउजवीकडे न बघता! मी मागून ओरडायचो, "अहो, एखादी तार चुकली असेल तर?" ते पलीकडे पोचून हसायचे. "आपण जोडलेल्या दिव्यार आधी आपण जावचा. मराण येयत तर पयला आपणाक येवंदे."

मूळचे मालवणकडचे, राहायला लालबागच्या चाळीत. मी त्यांच्या हाताखाली वायरमन. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती तेव्हाची गोष्ट. मोर्चा गेला की सिग्नलच्या काचा रस्त्यावर, आणि सकाळी आम्ही शिडी घेऊन हजर. त्यांचा एकुलता एक मुलगा श्रीधर गिरणीत कामाला होता, पण मोर्च्यात सगळ्यांच्या पुढे. "झील फोडता नि बापूस जोडता," दादा म्हणायचे. त्यात तक्रार कमी आणि कौतुकच जास्त असायचं.

मग गोळीबार झाला. श्रीधर घरी परतला नाही. दादांनी इस्पितळं पालथी घातली, चौकीवरून हाकलून घेतलं आणि सकाळी कामावर आले. मी चिडलोच. "दादा, आज कसलं काम? घरी वहिनींजवळ जा!"

"त्याची आवस दारात बसली हा रे. तिका काय सांगू?"

परळच्या नाक्यावर शिडी लावली. दादा वर, मी खाली. श्रीधरसारखा पांढऱ्या सदऱ्यातला कुणी तरुण दिसला की त्यांचे हात थांबायचे. मला ते बघवेना. तेवढ्यात चाळीतला शेजारी धापा टाकत आला. "दादा, श्री सापडला," एवढंच म्हणाला आणि शिडीला धरून ढसाढसा रडायला लागला.

दादा लगेच उतरले नाहीत. उरलेली तार जोडली, लाल काच बसवली, मग खाली आले. मी सिग्नलच्या पेटीतली कळ दाबली. सवयीप्रमाणे ते फुटपाथच्या कडेला जाऊन उभे राहिले. हिरवा लागला, पण ते हलले नाहीत. हिरवा गेला, लाल लागला, आडव्या रस्त्यावरून ट्रक सुटला, आणि दादांनी पाऊल टाकलं.

मी धावलो. त्यांचा सदरा दोन्ही मुठींत धरून मागे खेचला. दोघंही फुटपाथवर आपटलो.

"वेड लागलंय का तुम्हाला!" मी रडत ओरडत होतो.

ते माझ्या मुठी सोडवत राहिले. "सोड रे. पयला माका जावक व्हया हुता."