बायकोच्या विसरण्याचा तक्ता

बायकोच्या विसरण्याचा तक्ता करून तो तिच्यादेखत डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवणारा नवरा अख्ख्या पुण्यात मी एकटाच असेन.

माझा दोष एवढाच, की सॉफ्टवेअर कंपनीत चुका शोधून त्या रकान्यांत भरणं हीच माझी नोकरी. त्या दिवसांत कर्वेनगरात प्रत्येक इमारतीतून कुणीतरी अमेरिकेला निघालेलं असे. मी इथेच बसून त्यांनी तिकडे लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका मोजायचो. काळजी वाटली की हात आपोआप तक्त्याकडे जातो. दूध उतू गेलं: मध्यम. मला हाक मारताना आधी तिच्या भावाचं नाव: किरकोळ. फळ्यावर प्रमेय मध्येच अडलं: गंभीर.

सदाशिव पेठेतल्या एका क्लासमध्ये ती वीस वर्षं दहावीला गणित शिकवत होती. तिच्या आईला शेवटी घरातली माणसंही ओळखू येत नव्हती. प्रमेय अडल्यापासून आपलंही तेच सुरू झालंय, असं धरून क्लास सोडायचा तिचा विचार पक्का होत आला होता.

डॉक्टरीणबाईंनी तक्ता वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"स्वतःचा केलाय का असा?"

"नाही."

"मग करा."

बायकोने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने सरळ विचारलं, "आईसारखं होतंय का मला?"

बाईंनी रक्ताचे रिपोर्ट चाळले, पाळी, झोप, घाम याबद्दल विचारलं आणि माझाच तक्ता उलटा करून मागे दोन फांद्या काढल्या. फांद्यांवर बारीक काटे.

"मेंदूतल्या पेशी या काट्यांपाशी जोडल्या जातात. इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्या जोडण्या टिकवायला मदत करतं. पाळी जायच्या सुमाराला ते कधी चढतं, कधी कोसळतं, मग शब्द जिभेवर येऊन अडतात. बहुतेकींचं पुढे सावरतं. मेंदूत वाढीचे घटकही असतात, काही प्रथिनं, ती या जोडण्यांना पोसतात. भरभर चालण्यानं ती वाढतात असं दिसतं. आईसारखं म्हणावं असं आज मला काही दिसत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

"सावरतं म्हणजे किती टक्के?" मी.

"तुम्ही जरा बाहेर बसता का?"

बाहेर बसवेना. बाकावरून उठलो, भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक तीनदा वाचलं, पुन्हा बसलो. ती बाहेर आली, जिना उतरली, स्कूटरपाशी थांबली. मी किल्ली शोधत म्हणालो, "चुकलं माझं. घरी जाऊ या?"

"घरी कशाला? पाचला बॅच आहे, क्लासवर सोडा," ती म्हणाली. "अडले तर मुलांना म्हणेन, पुढची ओळ तुम्ही सांगा. वीस वर्षं शिकवतेय अहो, एखादी ओळ येईल की त्यांना."