सहा आकड्यांच्या पुढचं घर

बाळांनो, परवा तुमची आई फोनवर सांगत होती, की सुट्टीची तिकिटं काढायचा विषय निघाला आणि ताई रडायला लागली. "मी बुऱ्हाणपूरला येणार नाही. मी आजोबांसाठी नंबर चुकीचा सांगितला होता," एवढंच म्हणते आहे. म्हणून तिकिटं निघायच्या आत हे लिहिते. धाकट्या, आजोबांना बरं वाटेनासं झालं त्या दिवशी तू आईबाबांबरोबर फोपनारला केळीच्या बागा पाहायला गेला होतास, म्हणून तूही वाच. ताई, तुला आधीच सांगते: नंबर बरोबर होता.

तुम्ही राहता त्या आयर्लंडमध्ये प्रत्येक घराला स्वतःचा सात अक्षरांचा कोड असतो. शेजारच्या घराच्या कोडशी त्याचं काही नातं नसतं. तुमच्या आईने तो फ्रिजवर चिकटवला आहे. काही झालं तर फोनवर एवढंच सांगायचं की गाडी दारात येते, हे तुम्हाला बालवाडीपासून पाठ. सगळीकडे असं नसतं. इंग्लंडमध्ये एका कोडमध्ये रस्त्याचा एक तुकडा, दहा-वीस घरं येतात. माझी बहीण दुबईला होती, तिथे कोडच नव्हता. पत्रं टपालपेटीत पडायची आणि आपण जाऊन आणायची. आपला पिन कोड टपालाच्या थैल्यांसाठी केलेला आहे. पहिला आकडा देशाचा भाग सांगतो. आपला चार आणि हद्दीपलीकडच्या नाशिक-जळगावचाही चार. टपालाने राज्याची हद्द मानलीच नाही. पुढचे दोन आकडे थैलीला आणखी जवळ आणतात आणि शेवटचे तीन तिला एका टपाल कार्यालयापाशी सोडून देतात. तिथून पुढे पोस्टमनचे पाय.

ताई, हे मी तुला आधी सांगितलं नव्हतं. कधी गरज पडेल असं वाटलंच नाही.

मे महिन्यातली दुपार होती. कूलर चालू, खिडक्या बंद. आजोबा खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "छातीवर कुणीतरी बसलंय गं." त्यांचा सदरा घामाने भिजला होता आणि हात गार पडले होते. मी त्यांना धरून बसले आणि माझा फोन तुझ्या हातात दिला. शेजारी हाक मारून उपयोग नव्हता. आपल्या गल्लीत पॉवरलूम चालू असले की शेजारच्या खोलीतलंही ऐकू येत नाही.

तू ॲम्ब्युलन्सला फोन लावलास आणि पिन कोडचे सहा आकडे स्पष्ट, एकेक करून सांगितलेस. फोन स्पीकरवर होता.

"बेटा, ये तो पूरे शहर का है. मोहल्ला बताओ."

तू पुन्हा तेच सहा आकडे सांगितलेस. मग माझ्याकडे पाहिलंस.

मी घर नंबर, वॉर्ड नंबर, सिंधीपुरा, सगळं क्रमाने सांगितलं. फोनवरचा माणूस म्हणाला, "अम्मा, नंबर से नहीं मिलेगा. पास में क्या है?"

"टॉकीजच्या मागे," मी म्हणाले.

आपल्या गल्लीत सगळे हेच सांगतात. लग्नपत्रिकेवर हेच छापतात, गॅसवाल्याला हेच कळतं. ती टॉकीज पाडून कितीतरी वर्षं झाली, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. त्या दिवशीचा ड्रायव्हर खकनारकडचा, शहरात नवा. त्याला पत्ता मिळाला तो नसलेल्या इमारतीच्या मागचा.

थोड्या वेळाने सायरन ऐकू आला. मोठा होत गेला. अगदी चौकात आला. आणि मग लहान होत होत दुसरीकडे गेला. ताई, मी आयुष्यात पुष्कळ आवाजांना घाबरले आहे, पण दूर जाणाऱ्या त्या आवाजाइतकी कशालाच नाही. ड्रायव्हरचा फोन आला, "टॉकीज कहाँ है, अम्मा?" मी वेड्यासारखी ओरडत होते, "टॉकीज, टॉकीज!" आजोबांनी डोळे न उघडता विचारलं, "कोणता सिनेमा लागलाय?" मला हसू आलं नाही. हेच त्यांचं शेवटचं बोलणं ठरणार, असं वाटलं.

मग तू फोन घेऊन जिन्याने वर पळालीस. मला वाटलं, घाबरून पळालीस. तू गच्चीवर जाऊन वाळत घातलेली माझी पिवळी साडी ओढलीस आणि ती हलवत फोनमध्ये ओरडत राहिलीस, "ऊपर देखो! पीला! पीला साडी!" तुझं ते मोडकंतोडकं हिंदी मला खाली ऐकू येत होतं. सायरन पुन्हा मोठा होऊ लागला.

आजोबांना स्ट्रेचरवर घेताना ड्रायव्हर मला म्हणाला, "गलती किसी की नहीं अम्मा, टॉकीज की है." नंतर डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. माझ्या हिशोबी ते वेळेत आणणं तुझं होतं.

भीती गेली आहे असं मी लिहिणार नाही. ते खोटं होईल. अजूनही दुपारी मी कूलर बंद करून त्यांचा श्वास ऐकते, आणि ते चिडतात, "उकडतंय, जिवंत आहे मी!" आता टपाल खात्याने दहा अक्षरांचा नवा कोड काढला आहे, एका खोलीएवढ्या चौकोनाला एक. आपल्या घराचा मी शोधून फोनशेजारी भिंतीवर लिहिला आहे. पण पलीकडच्या माणसाला तो समजला नाही तर? म्हणून टॉकीज म्हणायचं सोडलं आहे. चौकातल्या औषधाच्या दुकानापासून डावीकडे, असं सांगते. गल्लीतल्या बायका हसतात.

साडी मी नेसत नाही. ती गच्चीच्या कठड्याला बांधून ठेवली आहे. यायचं की नाही ते तू ठरव, ताई. साडीचा पिवळा रंग उन्हाने बराच उतरला आहे, पण चौकातून ती दिसते. आजोबाही आहेत.